बारा मुलांच्या बालवाडीचा निकाल कसा वाचायचा?

लहान गावातल्या सरकारी बालवाडीबद्दल पालक दोनच गोष्टी विचारतात. आपल्याला पर्याय कोणते, आणि त्यातला चांगला कोणता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हल्ली त्यांच्यापुढे एक आकडा ठेवला जातो. अमुक बालवाडीतली सत्तर टक्के मुलं पहिलीसाठी ‘तयार’, तमुक बालवाडीतली पंचेचाळीस टक्के. आकडा दिसला की शंका मिटते. पण पट बारा-पंधराचा असेल तर त्या आकड्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. जे खरोखर कळायला हवं ते बहुतेक तक्त्यांत नसतंच. ते वर्गात बसून बघावं लागतं.

आधी पर्यायांचं बघू.

जगभरातल्या सरकारी बालवाड्यांचे साधारण तीन-चार प्रकार दिसतात. सगळ्यांत ओळखीचा प्रकार म्हणजे प्राथमिक शाळेला जोडलेला वर्ग. इथे शिक्षिका बहुधा प्रशिक्षित असते, तिची नोकरी पक्की असते, आणि पुढे मूल त्याच इमारतीत पहिलीत जातं, त्यामुळे जागा आणि माणसं त्याच्या ओळखीची असतात. धोकाही त्यातूनच येतो. शेजारी पहिलीचा वर्ग भरत असला की चार वर्षांच्या मुलांपुढेही पहिलीचंच काम येतं. ओळीत बसा, फळ्यावरचं उतरवून घ्या, हात वर करा.

दुसरा प्रकार कल्याणकारी योजनांतून आला. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शिक्षण सगळं एकाच छपराखाली. अमेरिकेतला ‘हेड स्टार्ट’ १९६५ साली गरीब घरांतल्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम म्हणून सुरू झाला आणि पुढे वर्षभराचा झाला. भारतातली एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. अशा केंद्रांत मुलाकडे शरीर, पोट आणि मन मिळून एकच जीव म्हणून बघितलं जातं, आणि ते योग्यच आहे. अडचण कामांच्या गर्दीत आहे. एका बाईकडे सहा कामं असली की ज्याची नोंद वरच्या कार्यालयाला रोज लागते ते काम आधी होतं. शिकवण्याची नोंद फारशी कोणी मागत नाही, म्हणून ते मागे पडतं.

तिसरा प्रकार पालकांनी किंवा गावाने चालवलेल्या आणि सरकारने मदत दिलेल्या बालवाड्यांचा. न्यूझीलंडमधली ‘प्लेसेंटर’ नावाची केंद्रं पालक स्वतःच चालवतात. मोझांबिकच्या गाझा प्रांतातल्या खेड्यांत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने गावकऱ्यांच्या हाताने बालवाड्या उभ्या केल्या आणि त्यांचा परिणाम रीतसर चिठ्ठ्या टाकून तपासला गेला. गावांची निवड नशिबाने केली, म्हणजे ‘उत्साही गावांतच बालवाडी निघाली’ असं म्हणायला जागा उरली नाही. बालवाडीत गेलेली मुलं पुढे प्राथमिक शाळेत जास्त प्रमाणात दाखल झाली. त्याहून गंमत म्हणजे त्यांची मोठी भावंडंही जास्त प्रमाणात शाळेत जाऊ लागली. धाकट्याला सांभाळायची जबाबदारी त्यांच्या अंगावरून उतरली होती. गावातल्या बालवाडीचा असा फायदा कुठल्याच ‘तयारी’च्या टक्केवारीत दिसणार नाही.

उरला तो जिथे वर्ग भरण्याइतकी मुलंच नसतात तिथला प्रकार. मंगोलियात भटक्या पशुपालकांच्या मुलांसाठी उन्हाळ्यात तंबूतली बालवाडी भरते. न्यूझीलंडची सरकारी पत्रद्वारा शाळा दूरवरच्या घरांत बालशिक्षणाचं साहित्य पोचवते आणि पालकांना सोबत करते. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं केंद्रापर्यंत येईनात, तेव्हा केंद्रच त्यांच्या अंगणात जाऊन भरू लागलं. १९५७ साली काम कोसबाडला हललं आणि तिथे ते आणखी वाढलं. मूल का येत नाही, हे मुलाच्या घरून बघणं हा त्यातला खरा धडा. अंतर, धाकटं भावंड, बोली, भीती यांतली अडचण कुठली ते घरी गेल्यावरच कळतं.

अंतराचं महत्त्व कागदावर नेहमी कमी धरलं जातं. मोठं मूल दोन किलोमीटर चालत जाईल. तीन वर्षांचं मूल जाणार नाही, आणि त्याला रोज कोणी नेऊन सोडू शकत नसेल तर ती उत्कृष्ट बालवाडी त्याच्यापुरती अस्तित्वात नाही. जवळची मध्यम बालवाडी आणि दूरची चांगली बालवाडी यांत मी जवळची निवडेन, जर मूल तिथे रोज जाणार असेल तर. अर्धा दिवस की पूर्ण दिवस, या वादात मात्र फार अडकायची गरज नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा माग काढणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पूर्ण दिवस जाणाऱ्या मुलांना अर्धा दिवस जाणाऱ्यांपेक्षा शिकण्यात जास्त फायदा झालेला आढळला नाही. पूर्ण दिवसाची गरज पालकांच्या कामाच्या वेळांमुळे पडते. ती खरी गरज आहेच, पण तिला शैक्षणिक कारण चिकटवायला नको.

आता तो आकडा

समजा, एका बालवाडीत दरवर्षी बारा मुलं पहिलीत जातात. बाई त्याच, खोली तीच, शिकवणं तसंच. कुठल्याही मुलाला ‘तयार’ ठरण्याची शक्यता साठ टक्के आहे असं धरू. म्हणजे बालवाडीची खरी ताकद साठ टक्के, आणि ती वर्षानुवर्षं बदलत नाही. तरी तिचा निकाल दरवर्षी साठ टक्के लागेल का?

नाही. बारांत एक मूल म्हणजे आठ टक्क्यांहून थोडं जास्त. चाचणीच्या दिवशी एकाला ताप आला, एक नव्या माणसाला बघून बोललंच नाही, की निकाल सोळा-सतरा टक्क्यांनी घसरला. गणित करून पाहिलं तर साधारण दर सात वर्षांतून एकदा या बालवाडीचा निकाल तेहेतीस टक्के किंवा त्याहून कमी, नाहीतर त्र्याऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त लागेल. आणि हे सगळं निव्वळ योगायोगाने. बाईंनी काही बिघडवलेलं नसेल, काही सुधारलेलंही नसेल. एकशेवीस मुलांच्या शाळेत असे झोके जवळजवळ अशक्य. तिथे एक मूल एक टक्कासुद्धा हलवू शकत नाही.

म्हणून शाळांची यादी निकालानुसार लावली की वरच्या टोकाला लहान शाळा गर्दी करतात, आणि बघणारा म्हणतो, ‘लहान शाळा चांगल्या!’ हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या शाळांची यादी दुसऱ्या टोकाकडूनही बघितली. तळालाही लहान शाळांचीच गर्दी होती. टोकाला जाणं हा लहान संख्येचा स्वभाव आहे, त्यात गुण-अवगुणाचा भाग थोडाच. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर कॅरोलिनातल्या शाळांचे निकाल तपासले तेव्हाही लहान शाळांचे निकाल मोठ्या शाळांपेक्षा खूप जास्त खाली-वर होत असल्याचं दिसलं. यंदाची पहिली शाळा पुढच्या वर्षी मधे कुठेतरी असते. दरम्यान तिचा सत्कार उरकलेला असतो. आणि यंदाच्या तळाच्या शाळेत कोणा अधिकाऱ्याने येऊन दम दिला असेल, तर पुढच्या वर्षी निकाल आपोआप वर आल्यावर श्रेय त्या दमाला मिळतं.

बालवाडीत यावर वयाचा घोळ आणखी. तीन वर्षं दोन महिने आणि चार वर्षं एक महिना या दोन वयांत अकरा महिन्यांचं अंतर आहे. धाकट्याच्या आजवरच्या आयुष्याचा हा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग. भाषा, हाताची पकड, एका जागी बसणं, सगळंच या अकरा महिन्यांत बदलतं. शंभर मुलांत वाढदिवस वर्षभर विखुरलेले असतात आणि फरक एकमेकांना खाऊन टाकतात. बारा मुलांत एखाद्या वर्षी आठ मुलं पावसाळ्याआधीची निघतात, पुढच्या वर्षी तीनच. तेवढ्यावर ‘यंदाची बॅच हुशार’ असं गावभर होतं.

यातून वाट काढायची असेल तर पाच वर्षांचे निकाल एकत्र करावेत. साठ मुलं झाली की चित्र थोडं स्थिर होतं. पण पाच वर्षं बाई त्याच हव्यात, नाहीतर त्या बेरजेला अर्थ नाही. शिवाय मुलं येताना कुठे होती आणि जाताना कुठे पोचली, हा फरक बघावा. निव्वळ जातानाची पातळी बघितली तर ती बऱ्याचदा घरची परिस्थितीच सांगते. कित्येक ठिकाणी तर गावातल्या शाळेला मिळालेली श्रेणी बालवाडीची नसतेच. अमेरिकेत राज्यपातळीवरच्या अनिवार्य चाचण्या तिसरीपासून सुरू होतात. शाळेच्या नावापुढे दिसणारी श्रेणी त्या मोठ्या मुलांच्या गुणांवरून काढलेली असते, आणि पालक ती वाचून तीन वर्षांच्या मुलाचा निर्णय घेतात.

तरी मोजतो ते काय?

समजा मुलं पुरेशी आहेत, वयं सारखी आहेत. तरी एक प्रश्न उरतोच. बालवाडीच्या शेवटी अक्षरं आणि अंक जास्त ओळखता येणं म्हणजे बालवाडी चांगली, असं म्हणायचं का? गेल्या साठ वर्षांतले अभ्यास इथे चांगलेच बुचकळ्यात टाकतात.

सुरुवात मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी या गावापासून करावी लागते. १९६२ ते १९६७ या काळात तिथे पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं, त्यातल्या ५८ मुलांना बालवाडी, उरलेल्या ६५ मुलांना नाही. रोज सकाळी अडीच तास वर्ग, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका प्रत्येकाच्या घरी. सुरुवातीला बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यंक चांगलाच वाढला. मुलं आठेक वर्षांची होईपर्यंत ती आघाडी विरून गेली. तिथेच अभ्यास थांबवला असता तर ‘प्रयोग फसला’ अशी नोंद झाली असती. पण त्याच मुलांना चाळिशीपर्यंत आणि त्यापुढेही भेटत राहिलं गेलं. बालवाडीतली मुलं जास्त कमावत होती आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडली होती. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या खर्चावरचा परतावा वर्षाला सात ते दहा टक्के काढला. बालवाडीवर खर्च करा असं सांगणारा प्रत्येक वक्ता हाच आकडा वापरतो. त्या वर्गात पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जात होती, हे सांगायचं मात्र बहुतेक वक्ते विसरतात.

(बारा मुलांवर विश्वास ठेवू नका म्हणायचं आणि १२३ मुलांचा दाखला द्यायचा, हे कसं? प्रश्न रास्त आहे. तिथे तुलनेसाठी दुसरा गट होता, माग अनेक दशकं काढला, आणि तरीही त्या निष्कर्षांवर आजवर वाद चालूच आहेत.)

टेनेसी राज्यातला अभ्यास खूप मोठा. सरकारी बालवाडीसाठी जागांपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून सोडत काढली, आणि २,९९० मुलांचा माग संशोधकांनी ठेवला. बालवाडीच्या शेवटी तिथली मुलं पुढे होती. तिथे बालवाडी आणि पहिली यांच्यामध्ये आणखी एक वर्ष असतं, त्या वर्षाअखेर बाकीच्या मुलांनी त्यांना गाठलं. २०२२ साली सहावीपर्यंतचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बालवाडीत गेलेली मुलं परीक्षांत मागे होती, आणि शिस्तभंगाच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या. अभ्यास करणाऱ्या डेल फॅरन आणि मार्क लिप्सी यांना हे अपेक्षित नव्हतं. फॅरन यांनी पुढे वर्गांत काय चालतं याकडे बोट दाखवलं. सगळ्यांना एकत्र बसवून शिकवणं फार, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वाया जाणारा वेळ फार, मुलाचं ऐकून घेणं थोडं.

याच्या नेमकं उलट बॉस्टनमध्ये दिसलं. तिथल्या सरकारी बालवाड्यांच्या १९९७ ते २००३ मधल्या सोडतींतल्या चार हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला. शालेय परीक्षांच्या गुणांवर बालवाडीचा परिणाम दिसलाच नाही. पण बारावीनंतर लगेच महाविद्यालयात जाण्याचं प्रमाण आठ टक्के-बिंदूंनी जास्त निघालं, आणि माध्यमिक शाळेतून निलंबित होण्याचं प्रमाण कमी.

म्हणजे एका ठिकाणी गुण वाढून विरले आणि आयुष्य सुधारलं, दुसऱ्या ठिकाणी गुण वाढून उलटले, तिसऱ्या ठिकाणी गुण हललेच नाहीत आणि तरी मुलं पुढे गेली. या तिन्हींतून मी इतकंच घेतो की बालवाडीच्या शेवटी घेतलेल्या चाचणीत जे मोजलं जातं आणि मुलाला पुढे जे उपयोगी पडतं, त्या वेगळ्या गोष्टी असाव्यात. अक्षरओळख बाकीची मुलंही पहिलीत करतात, तिथे आघाडी टिकायचं कारणच नाही. थांबता येणं, चुकलं तर पुन्हा करून बघणं, मोठ्या माणसाला प्रश्न विचारायची भीती न वाटणं, हे सगळं टिकत असावं. पण ते मोजायला सोपं नाही, म्हणून तक्त्यात येत नाही.

कंबोडियातला एक प्रयोगही इथे आठवण्यासारखा आहे. सरकारने खेड्यांत बालवाड्या बांधल्या, परिणाम फारच थोडा निघाला, आणि काही मुलांवर सुरुवातीला उलटा. कारण शोधल्यावर कळलं की यातली बरीच मुलं आधी वयापूर्वीच पहिलीच्या वर्गात बसत होती, आणि तिथून उठून ती सुमार दर्जाच्या नव्या बालवाडीत आली. बालवाडीची किंमत ठरवताना ती नसती तर मूल कुठे असतं, हा प्रश्न विचारावाच लागतो. घरी आजी दिवसभर त्याच्याशी बोलत असती की ते मोठ्या बहिणीच्या काखेत शेतावर असतं, यावर उत्तर पार बदलतं.

वर्गात बसून काय बघायचं?

वर्गाचा दर्जा तपासताना अभ्यासक दोन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या काढतात. एक बाजू चौकटीची, म्हणजे इमारत, पट, एका मोठ्या माणसामागे मुलं किती, शिक्षिकेची पदवी, साहित्य. दुसरी बाजू वर्गात घडणाऱ्या गोष्टींची, म्हणजे मोठं माणूस आणि मूल यांच्यात होणाऱ्या देवाणघेवाणीची. चौकट तपासायला सोपी, म्हणून सरकारी तपासणीत तीच असते. अमेरिकेत राज्यांच्या बालवाडी धोरणांची वार्षिक पाहणी दहा निकषांवर होते, आणि त्यात वर्ग वीसपेक्षा मोठा नको, दहा मुलांमागे किमान एक मोठं माणूस हवं असे निकष आहेत. लहान गाव यातल्या पहिल्यात न मागता पास होतं. पटच बाराचा! दुसऱ्यात मात्र बारा मुलं आणि एकटी बाई असेल तर ते नापास आहे, हे चटकन लक्षात येत नाही.

घडणाऱ्या गोष्टी मोजायचीही साधनं आहेत. रॉबर्ट पियांटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रसिद्ध साधनात निरीक्षक वर्गात बसून एक ते सात असे गुण देतो. जिव्हाळा किती, वर्ग सुरळीत चालतो का, आणि बोलण्या-विचारण्यातून मुलाच्या विचाराला धक्का बसतो का, असे तीन भाग. पहिल्या दोन भागांत वर्ग बरे निघतात. तिसऱ्यात गुण नेहमी तळाला असतात. प्रेमळ बाई पुष्कळ भेटतात, पण मुलाशी बोलत बोलत त्याला एक पायरी वर नेणारी बाई विरळा.

ती ओळखायला प्रशिक्षण लागत नाही. एक सकाळ मागच्या भिंतीला टेकून बसलं आणि संवाद कुठे संपतो एवढं ऐकलं तरी पुरे. ‘हा कुठला रंग?’ ‘लाल.’ ‘शाब्बास.’ संपलं. बाई दुसऱ्या मुलाकडे वळल्या. दुसऱ्या वर्गात मूल म्हणतं, ‘माझा मनोरा पडला.’ बाई म्हणतात, ‘अरे, कुठून पडला? वरून का खालून?’ मूल जरा विचार करून म्हणतं, ‘खालचा छोटा होता.’ ‘मग आता काय करशील?’ इथे चेंडू चार वेळा इकडून तिकडे गेला. इंग्लंडच्या त्या मोठ्या अभ्यासात चांगल्या निघालेल्या बालवाड्यांत असे लांबलेले संवाद जास्त सापडले. मूल आणि मोठं माणूस मिळून एखाद्या गोष्टीवर टिकून विचार करत होते.

त्याच सकाळी मुलं किती वेळ नुसती वाट बघत बसतात तेही दिसेल. हात धुवायची रांग, सगळे जागेवर येईपर्यंतची शांतता, साहित्य वाटून होईपर्यंतचा खोळंबा. अडीच तासांतला पाऊण तास यात जात असेल तर उरलेल्या वेळात कितीही चांगलं शिकवलं तरी पुरं पडत नाही. कोपऱ्यात गप्प बसणारं एखादं मूल नेहमीच असतं. त्याच्यापर्यंत बाईंची नजर आणि शब्द किती वेळा पोचतात ते मोजावं. एकाने दुसऱ्याला मारलं तर पुढच्या मिनिटात काय होतं? ओरडा, शिक्षा, की ‘तुला काय हवं होतं ते त्याला सांग’? भिंतीवरची चित्रं सगळी एकसारखी असतील तर ती बाईंनी काढलेली असतात, मुलांनी फक्त रंग भरलेला असतो. पुस्तकं कपाटात कुलपाआड कोरी असतील तर ती तपासणीसाठी आहेत. मुलांच्या हातात फाटलेली असतील तर चांगलं लक्षण.

आणि वह्या. चार वर्षांच्या मुलाची काठोकाठ भरलेली वही ही पालकांना दिलेली पावती असते. तिच्यावरून मूल काय शिकलं ते कळत नाही, किती वेळ गप्प बसलं ते कळतं. गप्प वर्गाला शिस्तीचा वर्ग समजणं ही पालकांची जुनी खोड आहे, आणि बऱ्याच बाई वह्या भरून घेतात त्या पालकांच्याच दबावापोटी.

भाषेचाही कान ठेवावा. घरी वेगळी बोली बोलणारं मूल बालवाडीत गप्प असेल तर ते मागे पडलेलं आहे असं नव्हे. बाईंना त्याची बोली येते का, निदान तिचे शब्द त्या हसण्यावारी न नेता घेतात का, यावर त्याचं तोंड उघडणं अवलंबून असतं.

लहान गावात वेगवेगळ्या वयांची मुलं एकाच वर्गात असणं अटळ. त्यात धाकट्यांचा फायदा होतो, मोठ्यांचं बघून ती शिकतात. मोठ्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. हेड स्टार्टच्या वर्गांवर झालेल्या एका अभ्यासात, तीन वर्षांची मुलं जास्त असलेल्या वर्गांत चार वर्षांच्या मुलांची शैक्षणिक प्रगती कमी आढळली. बाईंचा वेळ धाकट्यांमागे जातो हे त्याचं एक कारण सहज सुचतं. तेव्हा मिश्र वर्ग दिसला तर नाक मुरडू नये, पण मोठ्या मुलांसाठी दिवसात काही वेगळं काम राखलं आहे का, हे जरूर विचारावं.

एकट्या बाईचं काय करायचं?

गावातली सुधारणा कुठून सुरू करावी, याचं एक उत्तम उत्तर तमिळनाडूतून आलं आहे. तिथल्या ६४० अंगणवाड्यांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून, अर्धा वेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती दिली. तिचं काम मुख्यतः बालवाडीचं. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा या केंद्रांत शिकवण्याचा वेळ दुपटीवर गेला होता, मुलं भाषेत आणि गणितात स्पष्टपणे पुढे होती, आणि कुपोषणही कमी झालं होतं. आधीच्या सेविकेला शिकवता येत नव्हतं असा याचा अर्थ नाही. तिला हात कमी पडत होते. दोन हात वाढले तर आहार-आरोग्य आणि शिकणं दोन्ही सुधारलं. इमारत रंगवण्यापेक्षा आणि भिंतीवर अक्षरं काढण्यापेक्षा हा खर्च कारणी लागतो.

ज्या गावाला जादा पद मिळण्याची आशा नाही, त्याने निदान बाईंकडून न-शिकवण्याची कामं कमी करायला हवीत. दिवसातली किती मिनिटं त्या खरोखर मुलांसोबत असतात, हा एक आकडा लहान पटावरही भरवशाचा आहे. हजेरीही तशीच. पटावर बारा आणि रोज येतात सात, तर पाच मुलांपुरती त्या बालवाडीची गुणवत्ता शून्य. बारा मुलांची वर्षभराची हजेरी म्हणजे हजारो नोंदी. त्या एखाद्या दिवसाच्या चाचणीसारख्या एका तापाने हलत नाहीत. न येणाऱ्या मुलांची घरं कुठली, वाटेत काय आड येतं, हे गावातल्या कोणालाही अर्ध्या दिवसात शोधता येतं. शहराला हे जमत नाही.

इतक्या लहान ठिकाणी बालवाडीची कामगिरी म्हणजे बहुतांशी त्या एका बाईंची कामगिरी. त्यांची बदली झाली, त्या निवृत्त झाल्या, बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, की मागच्या पाच वर्षांचा चांगला-वाईट सगळा हिशेब तिथेच संपतो. नव्या बाईंना मुलांची नावं, बोली, घरं कळायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा वेळ जाऊ द्यावा, आणि मग पुन्हा एक सकाळ मागच्या भिंतीला टेकून बसावं.